स्पीड टेस्ट हिरवी, क्लास बंद

नेट न्यूट्रॅलिटीवर, म्हणजे इंटरनेट कंपनीने सगळ्या ट्रॅफिकला सारखंच वागवावं या तत्त्वावर, तावातावाने बोलणारे बहुतेक लोक नेटवर्कच्या आत कधी बसलेले नसतात हे माझं जुनंच मत. या केसनंतर ते पक्कं झालं, पण माझी स्वतःची बाजू कुठली हे मात्र मला आता धड सांगता येत नाही.

मी इंटरनेट पुरवणाऱ्या एका कंपनीच्या नेटवर्क टीममध्ये आहे. तिकीट, म्हणजे नोंदवलेली तक्रार, होतं कर्णबधिर मुलांचे ऑनलाइन क्लास घेणाऱ्या एका छोट्या संस्थेचं, संध्याकाळी व्हिडिओ गोठतो म्हणून. सपोर्टने स्पीड टेस्ट करायला लावली, मस्त आली, तिकीट बंद. परत उघडलं, परत बंद. आता गंमत अशी की स्पीड टेस्टचा सर्व्हर बऱ्याचदा आमच्याच नेटवर्कच्या आत बसवलेला असतो, म्हणजे ती टेस्ट तुमच्या घरापासून आमच्या रॅकपर्यंतचंच (सर्व्हरच्या कपाटापर्यंतचंच) मोजते, त्यापुढे काय चाललंय ते तिला कळतच नाही. सपोर्टच्या पोरांना हे कुणी सांगत नाही आणि सांगितलं तरी त्यांच्या स्क्रिप्टमध्ये ते बसत नाही.

वर सपोर्टने हेही कळवलं होतं की आवाज नीट येतोय म्हणजे लाइन ठीक आहे. मी फोन केला तर संस्थेच्या बाई म्हणाल्या, "अहो मॅडम, आमच्या मुलांना आवाजाचा काय उपयोग?"

कॉलची बहुतेक अ‍ॅप्स बँडविड्थ कमी पडली की आधी व्हिडिओचा बळी देतात आणि आवाज वाचवतात. बाकी सगळ्यांसाठी ते शहाणपणाचंच आहे. पण सांकेतिक भाषेत हाताची अर्धी हालचाल गेली की शब्दच गेला. आणि लाइव्ह कॉलला बफर जवळपास नसतोच, हरवलेलं पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, मागाहून आलं तरी उपयोग शून्य. सिनेमा बघणाऱ्याला जे कळणारही नाही तेवढ्या लॉसमध्ये, म्हणजे पॅकेट्स हरवण्यात, या मुलांचा तास बुडतो.

मी दोन्ही टोकांकडून ट्रेस, म्हणजे पॅकेट कुठल्या कुठल्या राउटरवरून जातं याची नोंद, मागवले. दोन्ही, कारण जायचा आणि यायचा मार्ग बऱ्याचदा वेगळा असतो आणि लोक एकाच बाजूचा स्क्रीनशॉट पाठवून मधल्याच एखाद्या राउटरवर लॉस दिसतोय म्हणून ओरडतात. मधला राउटर टेस्टच्या पॅकेट्सना उत्तर द्यायचा कंटाळा करतो एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. लॉस तिथून थेट शेवटच्या टप्प्यापर्यंत दिसत राहिला तर खरा. इथे खरा होता, परतीच्या वाटेवर. आमच्या एका ट्रान्झिट लिंकवरच्या, म्हणजे बाकीच्या इंटरनेटशी जोडणाऱ्या विकतच्या लाइनवरच्या, ट्रॅफिकचा ग्राफ संध्याकाळी वर चढत जाऊन वरून सुरीने कापल्यासारखा सपाट. सपाट माथा दिसला की लिंक भरलीय हे समजायला इंजिनिअर असावं लागत नाही. तरी अपग्रेडची रिक्वेस्ट मंजुरीत अडकलेली, का तर "मोठ्या साइट्स तर व्यवस्थित चालतायत".

चालणारच. मोठ्या व्हिडिओ कंपन्यांचे कॅश सर्व्हर, म्हणजे त्यांच्या व्हिडिओंच्या प्रती ठेवणारे सर्व्हर, आमच्याच रॅकमध्ये आहेत, मोठ्या क्लाउडवाल्यांशी थेट पीअरिंग, म्हणजे मधे कुणी नसलेली जोडणी, आहे. त्या भरलेल्या लिंकवर उरतात ते कोण, तर ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही ते.

आमचे साहेब म्हणाले, "अगं, आपण कुणाला अडवलंय का? लिंक सगळ्यांसाठीच भरलीय." नियमाच्या भाषेत त्यांचं बरोबर आहे. 2007 मध्ये कॉमकास्ट ही अमेरिकन इंटरनेट कंपनी बिटटोरेंटची (लोकांनी आपसात फाइल्स वाटायच्या पद्धतीची) कनेक्शन्स खोटी रीसेट पॅकेट्स, म्हणजे कनेक्शन बंद करायचे खोटे निरोप, घुसवून तोडत होती, तसलं आम्ही काही करत नाही. ट्राय या आपल्या दूरसंचार नियामकानेही नोव्हेंबर 2017 च्या शिफारशींत सीडीएन, म्हणजे हेच कॅश वगैरे, भेदभावाच्या बंदीतून बाहेर ठेवलंय. अमेरिकेत 2015 ला नेट न्यूट्रॅलिटीचा नियम आला, 2017 ला काढला, 2024 ला परत आणला, जानेवारी 2025 मध्ये कोर्टाने उडवला. यातल्या कुठल्याही वर्षी आमची ती लिंक तितकीच भरलेली राहिली असती. पॅकेटला समान वागणूक द्या असं नियम सांगतो, पण लिंक कधी मोठी करायची यावर तो जवळपास गप्पच. नेटफ्लिक्सने 2014 मध्ये कॉमकास्टला पैसे देऊन थेट जोडणी घेतली तेव्हा भांडण दोन नेटवर्क जोडणाऱ्या याच सांध्यावरचं होतं. नेटफ्लिक्सकडे पैसे होते.

आता मला खरंच छळणारी गोष्ट. त्या संस्थेचा ट्रॅफिक प्रायॉरिटी क्यूमध्ये, म्हणजे आधी सोडायच्या रांगेत, टाकणं हे दोन-चार ओळींच्या कॉन्फिगचं काम होतं. त्याच संध्याकाळी क्लास सुरळीत झाला असता. पण त्या भरलेल्या लिंकवर एकाला पुढे काढलं की दुसऱ्याची पॅकेट्स पडणार, आणि तो दुसरा कोण हे मला दिसत नाही, कदाचित एखाद्या डॉक्टरचा कॉल असेल. शिवाय एकदा ती यादी तयार झाली की उद्या सेल्सवाले तिला रेट लावणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. म्हणून केलं नाही. नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, तत्त्व तुझं आणि तास त्या पोरांचा बुडाला. यावर मला उत्तर सुचलं नाही, अजूनही नाही.

शेवटी बाईंनीच मार्ग काढला. छोट्या होस्टिंगवाल्याकडचा सर्व्हर उचलून मोठ्या क्लाउडवर नेला, खर्च वाढला, पण तिथून आमच्याकडे थेट पीअरिंग असल्यामुळे ट्रॅफिक त्या लिंकवरून येणंच थांबलं. क्लास आता झकास चालतो. साहेब खूश, तिकीट "रिझॉल्व्ड". आणि अपग्रेडची रिक्वेस्ट परत आली, शेरा असा की सदर लिंकवर सध्या एकही तक्रार प्रलंबित नाही.