माऊस आपोआप हलला, तिथून सुरू झालेली भानगड

मंडळी, दारव्ह्याकडच्या आमच्या घरचा जुना पीसी (प्रोसेसर आय३ चौथी जनरेशन, ८ जीबी रॅम, २४० जीबीची एसएसडी) आठवडाभर घेऊन बसलो होतो, काय काय केलं ते टाकून ठेवतो.

शनिवार, रात्र. कापूस वेचणीचा हिशेब एक्सेलमध्ये भरून राहिलो होतो, तर बाण आपल्या मनानंच सरकायला लागला अन् थोड्या वेळानं एक काळी विंडो उघडली, वाचायच्या आत बंद. लहान भाऊ मागून म्हणे, "दादा, आत कोणीतरी घुसलं वाटते." पहिले लॅनची, म्हणजे इंटरनेटची वायर ओढली. पीसी मात्र बंद नाही केला, काय चालू आहे ते पाहायचं होतं.

बाणाचं आधीच सांगून टाकतो, हसून घ्या. दिवाळीत टेबलावर काच टाकली होती अन् ऑप्टिकल माऊस काचेवर भरकटतो. खाली वही ठेवली, बाण गप. म्हणजे ज्याच्यामुळं शंका आली तो हॅकर नव्हताच! पण काळी विंडो खरी होती.

टास्क शेड्यूलरमध्ये (विंडोज ठरल्या वेळी आपोआप कामं करते ती यादी) दर १० मिनिटांनी चालणारं एक काम सापडलं, लपून पॉवरशेल (विंडोजला हुकूम द्यायची काळी विंडो) चालवायचं अन् त्यातून ॲपडेटा-रोमिंग या प्रोग्रामांच्या डेटाच्या फोल्डरमधली एसव्हीसीहोस्ट नावाची फाइल सुरू करायची. नाव पाहून आपण विंडोजचंच असंल म्हणून सोडून देतो, पण खरा एसव्हीसीहोस्ट विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमध्ये राहतो, रोमिंगमध्ये त्याचं काय काम? मग डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस) पाहिला तर एक्सक्लूजनमध्ये, म्हणजे तपासायचं नाही त्या यादीत, अख्खा सी ड्राइव्ह. राखणदारालाच सांगून ठेवलं की इकडे पाहूच नको बापा. अन् मग आठवलं, विंडोज फुकटात ॲक्टिव्हेट करायचा जो जुगाड मी टाकला होता त्याची पहिलीच सूचना होती, अँटीव्हायरस बंद करा. मीच केला होता बंद, कोणाला शिव्या देऊ?

रविवार. पासवर्ड बदलले, पण मोबाइलवरून, त्या पीसीवरून नाही. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही हेही लक्षात ठेवा, कारण असले प्रोग्राम ब्राउझरच्या कुकीज (आपण लॉगिन आहो याची खूण ठेवणाऱ्या छोट्या फाइली) उचलतात, लॉगिन झालेलं सेशनच चोरतात, म्हणून जीमेलमध्ये सगळे डिव्हाइस साइन आउट केले, टू-स्टेप (पासवर्डनंतर अजून एक खात्री) लावलं, अन् मेल परस्पर दुसरीकडे फॉरवर्ड होते का, कोणी फिल्टर टाकला का तेही पाहिलं. काही नव्हतं. बँकेतले पैसे जागेवर होते, नाहीतर १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन लावायची तयारी होती.

सोमवार. मित्राच्या लॅपटॉपवर मिंटचा (विंडोजऐवजी चालणारं फुकटचं लिनक्स) पेनड्राइव्ह बनवला, चेकसम जुळवून घेतला, म्हणजे उतरवलेली फाइल अस्सल आहे का ते पाहिलं, अन् त्यावरून पीसी सुरू केला. विंडोजची डिस्क रीड-ओन्लीच, म्हणजे नुसती वाचता येईल अशी उघडली, फास्ट स्टार्टअपमुळं (विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपते) होतं तसं, कॉपीच करायची होती म्हणून मी तसंच राहू दिलं. फोटो, पीडीएफ, डॉक आणि हिशेबाच्या फाइली घेतल्या, सेटअपच्या ईएक्सई (प्रोग्राम चालवायच्या फाइली) एकही नाही घेतल्या. बाबा सातबाराच्या प्रिंटा काढायला तालुक्याला नेतात तो पेनड्राइव्हही लावून पाहिला. विंडोजमध्ये लपणारी फोल्डरं लिनक्समध्ये सरळ दिसतात, तर एक बिननावाचं फोल्डर, त्यात बाबांचे सगळे कागद, अन् बाहेर त्याचाच शॉर्टकट, हा शॉर्टकटवाला वेगळा व्हायरस. म्हणजे पाहुणे दोन होते.

मंगळवार. डिस्क पूर्ण पुसून मिंट टाकलं. विंडोज १० ला नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले अन् हा चौथ्या जनरेशनचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, मग परत त्याच चिखलात कशाला जायचं. इन्स्टॉल अर्ध्यात असताना लाइन गेली, पुन्हा पहिल्यापासून. राउटरचा पासवर्ड ॲडमिन-ॲडमिनच होता, तो बदलला, डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधायची सेटिंग) कोणी बदललं का पाहिलं, ते ठीक होतं. घरातली कृतिदेव या जुन्या मराठी फॉन्टमधली पत्रं उघडली तर सगळी अक्षरं गचपन, मग कॉपी केलेल्या डेटात फॉन्टची फाइल सापडली, ती होममधल्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये टाकली अन् मराठी परत आलं.

काल बाबा तालुक्याहून आले, पेनड्राइव्ह दिला, त्यात परत तोच शॉर्टकट. मी डिलीट करून राहिलो तर म्हणतात, "अरे, माह्या सातबारा कुठी गेल्या?" दाखवल्या. प्रिंटर अजून चालत नाही, कोणी या मिंटवर जुना लेझर चालवला असंल तर सांगा.