आधी उड्डाण, मग तक्रार

गणपतीला ठाण्यात आले तेव्हा माझ्या टॅबमध्ये आमच्या पायलट युनियनचा अख्खा करार होता. बाबांनी नौपाड्यातल्या झेरॉक्सवाल्याकडून त्यातली ड्युटीची पानं छापून आणली आणि आरती आटोपल्यावर लाल पेन घेऊन बसले. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात ते तीस वर्षं होते, त्यातली बरीच कामगार कमिटीवर. त्यांना विचारायचं मला आधीच सुचायला हवं होतं.

कारण मला हा करार उशिरा कळला. तिकडे अमेरिकेत चार दिवसांची ट्रिप संपवून पार्किंगकडे निघाले होते, तेवढ्यात क्रू शेड्युलिंगचा, म्हणजे कोण कुठल्या फ्लाइटवर ते ठरवणाऱ्या विभागाचा, फोन आला. उद्या सकाळी आणखी एक फ्लाइट. मी मुकाट्याने गेले. आमच्यात म्हणतातच, आधी उड्डाण, मग तक्रार. सुरक्षिततेचा प्रश्न नसेल तर हुकूम मोडायचा नाही, अन्याय वाटला तर नंतर दाद मागायची. पुढे एका सहकाऱ्याने कलम दाखवलं. ड्युटीतून एकदा मोकळं केल्यावर अशी फ्लाइट माझ्या संमतीशिवाय लावताच येत नव्हती. तोवर तक्रारीची मुदत उलटून गेली होती. युनियन आहे ना, ती बघेल, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. पण तक्रार माझी होती, ती मलाच वेळेत करायची होती.

मग मूळ कायदाही वाचायला घेतला. रेल्वे लेबर ॲक्ट, 1926 चा. रेल्वेसाठी केलेला, 1936 मध्ये विमान कंपन्यांना लावलेला. त्याखाली आमचा करार संपतच नाही, ठरलेल्या तारखेनंतर फक्त बदलायला खुला होतो. नवा होईपर्यंत काम जुन्याच अटींवर. नॅशनल मिडिएशन बोर्ड ही सरकारी मध्यस्थ संस्था मध्यस्थी थांबवून दोन्ही पक्षांना मोकळं करत नाही तोवर संप करता येत नाही, आणि त्याला मुदत नाही. मोकळं केल्यावर आणखी 30 दिवस थांबायचं. तरीही राष्ट्राध्यक्ष आडवे येऊ शकतात. फेब्रुवारी 1997 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सचे पायलट मध्यरात्री संपावर गेले आणि क्लिंटन यांनी तो काही मिनिटांत थांबवला.

बाबांना मी म्हटलं, "तुमच्याकडे बरं होतं, मुदत संपली की करार संपला."

"कोण म्हणालं तुला? आमच्या वेळी औद्योगिक विवाद कायदा होता, कलम 19. मुदत संपली तरी करार चालूच राहायचा. मोडायचाय अशी लेखी नोटीस दिल्यावरसुद्धा दोन महिने." निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण कलम तोंडपाठ.

मग त्यांनी माझी पानं पुढे ओढली. "आधी 'शॅल' कुठे आहे आणि 'मे' कुठे, ते बघ. 'शॅल' म्हणजे कंपनीला करावंच लागतं. 'मे' म्हणजे तिची मर्जी."

रिझर्व्हच्या, म्हणजे ऐनवेळी बोलावता येणाऱ्या पायलटांच्या, कलमात मी सहा 'मे' मोजले. याआधी दोनदा वाचूनही एकही डोळ्यांत भरला नव्हता.

आता दर रविवारी आमचा व्हिडिओ कॉल असतो. आई मागून जेवायला बोलावत राहते. या आठवड्यात विश्रांतीचं कलम काढलंय, आणि बाबांचं पहिल्याच वाक्यावर अडलंय.