ग्वाल्हेरची थंडी आणि मधाचा लेप
ग्वाल्हेरची थंडी जितकी बोचरी तितकीच कोरडी असते, आणि पौषात शहराच्या लश्कर भागात राहणाऱ्या आमच्या गालांना पांढरट कोंडा सुटू लागला की साधे क्रीम फार वेळ पुरत नाही. म्हणून आज दुपारी सासूबाईंच्या सांगण्यावरून मधाचा लेप लावला. एक चमचा मध आणि तेवढीच साय बोटांनी एकजीव करून चेहऱ्यावर पातळ थर दिला, १५ मिनिटांनी कोमट पाण्याने धुतला. लेपापूर्वी चेहरा ओलसर असणे फार महत्त्वाचे आहे, कारण मधातील फ्रुक्टोज आणि ग्लुकोज या साखरा पाणी धरून ठेवतात खरे, परंतु धरायला मुळात पाणी हवे; चांगल्या मधात स्वतःचे पाणी जेमतेम १७ ते २० टक्के असते. गाल मऊ झाले, ओठांच्या कडेचा ताणही गेला. त्वचा पुरती वाळण्याआधीच तिळाच्या तेलाचे दोन थेंब चोळले, कारण आलेला ओलावा अडवून धरणे हे तेलाचे काम.

लिंबू मात्र सासूबाईंनी घालू दिले नाही आणि ते मला मनापासून पटले. मधाचा सामू साधारण ४ च्या आसपास, म्हणजे तो मुळातच आम्लधर्मी. भेगाळलेल्या त्वचेवर आणखी आम्ल कशाला?

परागकणांची किंवा मधाची ॲलर्जी असणाऱ्यांनी हा लेप टाळावा, इतरांनीही आधी कोपराच्या आतल्या बाजूस लावून दिवसभर पाहावे. घरात वर्षाच्या आतले बाळ असेल तर त्याला जवळ घेण्यापूर्वी चेहरा व हात स्वच्छ धुवावेत. मधातून होऊ शकणारा बोटुलिझम (जिवाणूंमुळे होणारी गंभीर विषबाधा) त्या वयात जिवावर बेतू शकतो.