थोरलीचं नाव

आत्याच्या ट्रंकेत लुगड्याच्या घडीखाली तो फोटो होता. देवळाच्या दगडी दाराशी सात माणसं. मागे टाकानं लिहिलेलं ‘पळसदेव, 1957’. शाई पुढे आजोबांच्या सदऱ्यावर उमटलेली. पुरुषांची नावं आत्यानं घडाघडा सांगितली. मधोमध बसलेल्या, कपाळापर्यंत पदर ओढलेल्या बाईवर मी बोट ठेवलं.

“ही माझी आजी. सगळे थोरली म्हणायचे.”

नाव? आत्याला आठवेना. सहा लेकरं वाढवलेल्या बाईचं नाव तिच्याच घरात कुणाला ठाऊक नाही, हे मला फार लागलं.

म्हणून आधी नाशिक गाठलं. रामकुंडाजवळच्या तीर्थोपाध्यायांकडे गावं नि आडनावं लावून ठेवलेल्या नामावळ्या असतात. कुणी अस्थी घेऊन आलं, यात्रेला आलं की कुळातली नावं नि सही त्यात उतरते. जुनी पानं मोडीत. गुरुजींनी गाव-आडनाव विचारलं, फडक्यात बांधलेली लांबट वही सोडली. दीड तास पानं उलटत राहिले. आणि 1959 च्या नोंदीखाली आजोबांची सही! शेवटच्या अक्षराचा फराटा तसाच, मनीऑर्डरच्या पावत्यांवर मी पाहिलेला. मातोश्रींच्या अस्थी घेऊन आल्याची नोंद, आणि पुढे तिचं नाव. वरच्या चार पिढ्या नुसत्या बाप्यांच्या. ही मेली म्हणून तेवढी कागदावर आली.

आत्याला लगेच फोन केला नाही. ते नाव फोटोतल्या दारातून सांगायचं होतं.

मे 2024. उजनी धरण मायनसमध्ये गेलेलं, म्हणजे पाणी उपयुक्त साठ्याच्याही खाली उतरलेलं. पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवण मागे टाकलं की पळसदेव येतं. पण ते नवं गाव. जुनं भीमाकाठचं गाव धरणात गेलं. धरण 1980 साली पूर्ण झालं. पळसनाथाचं देऊळ एरवी पाण्याखाली असतं. फार आटलं की वर येतं.

भेगाळलेल्या गाळातून चालत निघालो. पायाखाली शिंपले करकरत होते. वाटेत भेटलेल्या म्हाताऱ्या बाबांना फोटो दाखवला. माणसांकडे त्यांनी पाहिलंच नाही. दाराच्या चौकटीवर नख ठेवून म्हणाले, “हे आमचंच देऊळ. चला, दावतो.”

चौकट तीच होती. चिखलाचा थर बोटानं खरवडला तशी नक्षी लागली, फोटोत थोरलीच्या खांद्यामागे आहे ती. तिच्या जागी मी बसलो. दगड तापलेला होता, तरी बसलो. आत्याला फोन लावला आणि नाव सांगितलं.

“थांब. परत म्हण.”

परत म्हटलं. पलीकडे तिनं ते दोनदा स्वतःशी उच्चारलं. मग नाक ओढून म्हणाली, “फोटोमागं लिहून ठेव बाळा. शाईनं नको, पुढं उमटतं. पेन्सिलीनं लिही, हलक्या हातानं.”