खड्डे, घोडबंदर आणि माझे पाय

आज भाच्याची नवी बाईक, टीव्हीएसची अपाचे आरटीएक्स ३००, ठाण्यात घोडबंदर रोडवर माजिवड्यापासून गायमुखपर्यंत दामटली. "मामा, इंजिन २९९ सीसी, ताकद ३६ पीएस!" त्याचं सगळं तोंडपाठ. माझं लक्ष सीटच्या उंचीकडे. ८३५ मिलिमीटर! कापूरबावडीच्या सिग्नलला एकच पाय टेकला, तोही चवड्यावर; शेजारचा रिक्षावाला गालात हसला.

पण गायमुखच्या खड्ड्यांतून पुढचं १९ इंची चाक असं काही निघालं की कंबरेला पत्ताच नाही. माझ्या स्कूटरवर तिथे मणके मोजून होतात. १८० किलो मात्र सोसायटीच्या पार्किंगमध्ये मागे ढकलताना कळतात (घाम फुटला, खोटं कशाला बोलू). रोज ऑफिसला? मेट्रोच्या खांबांखालच्या गर्दीत घुसवायला स्कूटरच बरी.

तरी चावी जरा उशिराच परत दिली. बायकोने विचारलं, "कितीला पडते?" मी विषय मिसळीवर नेला.