आमची वाटचाल : पाणी मोजायला शिकवणारे आम्ही

वॉटर ऑडिट शिकवून पोट भरता येईल यावर सुरुवातीला कुणाचाच विश्वास नव्हता. प्लंबिंगचे कोर्स होते, ट्रीटमेंट प्लांट ऑपरेटरचे होते, पण पाणी जातं कुठे ते शोधायला शिकवणारं कुणी दिसत नव्हतं. मी आणि आमचे दादा, असे दोघं भागीदार. दादांचं सगळं आयुष्य पाणीपुरवठ्यात गेलेलं. भांडवल काय, तर पाइपवर बाहेरून बसवून प्रवाह मोजणारा एक क्लॅम्प-ऑन अल्ट्रासॉनिक फ्लोमीटर, रीडिंग आपोआप नोंदवणारा एक डेटा लॉगर, प्रेशर गेज आणि दादांची लिसनिंग रॉड.

ती रॉड अजून आहे. नंतर जमिनीवरून गळतीचा आवाज ऐकवणारा ग्राउंड माइक आला, दोन ठिकाणचे आवाज ताडून गळतीची जागा दाखवणारा कॉरिलेटर आला, तरी नवीन बॅचच्या हातात आधी रॉडच देतो, कारण व्हॉल्व्हवर रॉड टेकवून कान लावल्याशिवाय गळतीचा आवाज वेगळा आणि चालू नळाचा वेगळा हे कळत नाही, आणि ते कळत नसेल तर स्क्रीनवरचा ग्राफ बघून खणणार कुठे? फ्लोमीटरचंही तेच. सेन्सर एल्बोला, म्हणजे पाइपच्या वळणाला, खेटून लावलेला दिसला की दादांचा पारा चढायचा. मागे निदान पाइपच्या व्यासाच्या दहापट सरळ पाइप, पुढे पाचपट, सेन्सरखालचं जेल नीट, पाइपची जाडी मोजून भरलेली, मगच रीडिंग वहीत.

पहिली वर्षं बरी गेली. मग एक मोठी ट्रेनिंग कंपनी या विषयात उतरली. साइटवर जायला नको, रात्र जागायला नको, दोन दिवस बसा आणि सर्टिफिकेट घ्या. वाईट त्याचंही नाही वाटलं. त्यांच्या स्लाइडमध्ये आमचा सोडवलेला वॉटर बॅलन्स, म्हणजे पाणी किती आलं, किती वापरलं, किती गेलं याचा तक्ता होता, आकड्यांसकट! तक्ता आमचा नाही, तो इंटरनॅशनल वॉटर असोसिएशनने 2000 साली मांडलेला, सगळं जग वापरतं. पण त्यातला प्रत्येक आकडा आमच्या मुलांनी मीटरपाशी बसून काढलेला. विचारलं तर उत्तर आलं की ही माहिती सार्वजनिक आहे. ते उत्तर मला आजही खुपतं.

बॅचेस रिकाम्या जायला लागल्या. 2019 ला पाण्याच्या कार्यक्षम वापराचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 46001 आलं, वाटलं आता तरी लोक वळतील, कारण बेसलाइन, इंडिकेटर, मोजमाप हेच तर आम्ही आधीपासून शिकवत होतो. पण गर्दी कागदाकडेच गेली. दादांनी आपला हिस्सा घ्यायचा बंद केला, तोंडातून एक शब्द काढला नाही. फ्लोमीटर विकायचा विषय घरात निघाला होता.

तेव्हा एका वसतिगृह संकुलाच्या मेंटेनन्स प्रमुख मॅडमचा फोन आला. त्यांचा स्टाफ त्या मोठ्या कंपनीचं सर्टिफिकेट घेऊन आलेला, पाण्याचा वापर मात्र तसाच. आम्ही त्याच स्टाफला पहाटे दोन ते चार मीटरपाशी बसवलं. आधी टाक्या भरून फ्लोट व्हॉल्व्ह बंद झाल्याची खात्री केली, मग टाकीच्या आउटलेटचा मीटर बघायला लावला. सगळे झोपलेले आणि काटा फिरतोय! सकाळी फ्लश टँकमध्ये रंग टाकला, फ्लश न करता थांबलो, आणि एकामागून एक भांड्यात रंग उतरला. फ्लॅपर, म्हणजे टँकच्या तळाची रबरी झाकणं, गेलेले. मिनिटाला फक्त एक लिटर गळालं तरी दिवसाचे 1440 लिटर होतात, हे पोरांनी तिथेच उभ्या उभ्या काढलं. मॅडमची पुढे बदली झाली, पण जिथे जातात तिथून माणसं आमच्याकडेच पाठवतात. आम्ही टिकलो ते त्यांच्यामुळे.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो, नळाला लावायचे पाणी वाचवणारे एरेटर वाटत सुटायच्या आधी प्रत्येक भागाला वेगळा सब-मीटर लावा, नाहीतर काय वाचलं ते सांगता येणार नाही. प्रेशर जास्त असेल तर ते आधी उतरवा, सगळ्या गळत्या एकदम कमी होतात. कूलिंग टॉवर असेल तर सायकल्स (फिरत्या पाण्यात क्षार किती पट साठू द्यायचे ते) तीनवरून सहावर नेल्या की मेकअप, म्हणजे वरून भरायचं नवं पाणी, साधारण 20 टक्के उतरतो, त्यापुढे फायदा आटत जातो आणि स्केलिंगचा, म्हणजे क्षारांचे थर बसायचा, धोका वाढतो, म्हणून केमिस्टला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि कोर्स निवडताना मीटर स्वतःच्या हाताने लावायला मिळणार का, एवढं नक्की विचारा.

सध्या बॅचेस भरतायत, लॉगर कमी पडले म्हणून नवीन घेतलेत. दादा अजून वर्गात येतात. आणि आमच्या पुस्तिकेत प्रत्येक सोडवलेल्या वॉटर बॅलन्सखाली आता तो मोजणाऱ्या मुलांची नावं छापतो.