पावसाची वही, भाग ४: एकतिसावं घर

मंडळी, सापडलं एकदाचं! बाबांच्या पावसाच्या वहीची बेरीज करायला मी सी भाषेत प्रोग्राम लिहायलोय. मागच्या भागात म्हणलो होतो ना की बेरीज जमली, आता फक्त फाईलमधून आकडे वाचायचे राहिलेत, त्यात चार रात्री गेल्या.

झालं असं की बाबांच्या वहीतला सप्टेंबर घेतला. शेतातल्या पर्जन्यमापकाचं रोजचं माप, ३० दिवस, म्हणून इंट पाऊस[३०], म्हणजे पूर्णांकांसाठी ३० घरांची रांग, ॲरे. वाचायच्या आधी सगळ्या घरांत शून्य भरावं म्हणून फॉर लूप लावला, म्हणजे तेच काम परत परत, मोजणारा आय शून्यापासून, आय <= ३०. रन केलं की काळी खिडकी उघडायची आणि तशीच बसायची. एरर नाही, वॉर्निंग नाही, फॅन मात्र मळणीयंत्रावानी फिरायलाय. मला वाटलं फाईलचा पाथ चुकला, म्हणून दोन रात्री फाईल उघडणारं एफओपन उकरत बसलो आणि गाडी तर तिथपर्यंत पोचतच नव्हती.

तिसऱ्या रात्री जीडीबी (प्रोग्राम थांबवत थांबवत बघायचं साधन) लावलं आणि एकेक पाऊल टाकत आय बघत गेलो. २८, २९, ३०... आणि पुढं १! परत बघितलं, परत तेच. मग आयचा मेमरीतला पत्ता छापला, पाऊस[३०]चा पत्ता छापला, दोन्ही शेवटच्या आकड्यापर्यंत सारखेच. एकाच गट नंबरावर दोन नावं! ३० घरांच्या ॲरेत शेवटचं घर पाऊस[२९], माझा लूप एकतिसाव्या घरात शून्य टाकायला गेला आणि माझ्या मशीनवर तिथं आय राहत होता. आय शून्य झाला, लूप पहिल्यापासून सुरू. सी काही विचारत नाही, तुम्ही म्हणाल तिथं लिहून मोकळा.

तोच कोड भावाच्या उबुंटूवर टाकला तर तिथं लूप संपला, पण मेन संपता संपता 'स्टॅक स्मॅशिंग डिटेक्टेड' म्हणून प्रोग्राम पडला. एका घराला ४ बाईट, ३० गुणिले ४, १२० बाईट, आणि त्याला लागूनच कंपायलरनं (कोडचा प्रोग्राम बनवणाऱ्यानं) पहारेकरी आकडा ठेवलेला, तो बदलला की प्रोग्राम बंद, माझं शून्य त्याच्यावर पडलं. चूक एकच, रूपं दोन. म्हणून 'माझ्याकडं तर चालतंय' यावर विश्वास ठेवू नका.

शून्यापासून मोजणं डोक्यात बसत नसेल तर रस्त्याचा दगड आठवा. पाऊस[५] म्हणजे सुरुवातीपासून ५ घरं पुढं, मग सुरुवातीचं घर शून्यच पुढं असणार.

आता डिफाईन दिवस ३० (३० ला 'दिवस' हे नाव) आणि आय < दिवस, बस. चौथ्या रात्री बेरीज वेगळ्या फंक्शनमध्ये नेली तर दोनच दिवसांची आली, कारण फंक्शनमध्ये ॲरे नाही, पॉइंटर, म्हणजे नुसता सुरुवातीचा पत्ता जातो, आकार सांगणारा साईझऑफ त्या पत्त्याचे ८ बाईट देतो, त्याला ४ नं भागलं की २. इथं माझ्या कंपायलरनं, जीसीसीनं वॉर्निंग दिली होती, मीच वाचली नाही. आकार वेगळा पाठवा.

ॲड्रेस सॅनिटायझर (ॲरेच्या बाहेर लिहिलं की पकडणारी कंपायलरची सोय) मात्र लय भारी चीज आहे, उबुंटूवर लावलं की ओळ नंबरासकट चूक दाखवतं, माझ्या विंडोजवरच्या जीसीसीत ते चाललंच नाही. शिकणाऱ्यानं पहिल्या दिवसापासून वॉल (-Wall, जास्तीच्या वॉर्निंग चालू करणारा पर्याय) आणि हे, दोन्ही लावूनच कंपाईल करावं असं माझं ठाम मत आहे.

आणि काल रात्री सप्टेंबरची बेरीज बाबांनी हातानं काढलेल्या बेरजेशी जुळली. ६५ मिमीच्या वरचे दिवसही बरोबर निघाले, म्हणजे सरकारी भाषेत अतिवृष्टीचे. बाबा चष्मा लावून स्क्रीनवर एकेक तारीख बोटानं तपासत होते.

पुढच्या भागात मराठवाड्याचे ८ जिल्हे घेणार होतो, पण आता वाटायलंय आधी आपलीच वही पुरी करावी, जून ते सप्टेंबर, पाऊस[४][३१], म्हणजे ४ महिन्यांच्या ४ ओळी, एकेका ओळीत ३१ घरं. थांबा, लिहिता लिहिता ध्यानात आलं, ओळी मेमरीत एकामागं एक असतात, म्हणजे पाऊस[०][३१] वर लिहिलं की ते थेट १ जुलैच्या घरात जाणार, आणि ते घर ॲरेच्या आतच असल्यानं ॲड्रेस सॅनिटायझर बोलणारच नाही! त्याला घराचा नंबर तपासणारं अनडिफाईन्डवालं सॅनिटायझर लागेल. आधी मुद्दाम जूनचं बत्तिसावं घर भरून बघतो, दोन्ही लावून, मग टाकतो.